हाकेला ओ

सोमवार

पोचलो एकदाच्या! आधी रेल्वे, मग बस, मग हाडं खिळखिळी करणारी रिक्षा. पण सासूबाईंचा चेहरा बघावा तर जणू माहेरी निघाल्यात. खिडकीची जागा त्यांनी अख्ख्या प्रवासात कुणाला दिली नाही. शेजारच्या बाईने जरा सरकून घ्यायला सांगितलं, तर म्हणाल्या की मला बाहेर बघायचंय, तुम्हीच सरका. मी तोंडात रुमाल कोंबून हसले. किती महिन्यांनी हसले कोण जाणे.

ही वही ताईने दिली आहे. हे गेल्यापासून मला धड झोप नाही. ताई म्हणते, डोक्यात फिरतं ते कागदावर उतरव. मी शाळांचे गणवेश शिवणारी बाई. मला छाती, कंबर, उंची लिहायची सवय, मनातलं लिहायची नाही. बघू या किती दिवस टिकतं.

यात्री निवास दुमजली आहे. पुढच्या खोल्या भरलेल्या होत्या. मॅनेजर म्हणजे सडपातळ, बोलका माणूस. स्वेटरचं एक बटण चुकीच्या काजात घातलेलं. मागच्या खोलीची किल्ली द्यायला तो जरा कांकू करत होता. म्हणाला, खोली थंड पडते, ओल असते. सासूबाई म्हणाल्या, कुंड दिसतं ना तिथून, मग द्या. झालं, विषय संपला.

खोलीत दोन लोखंडी खाटा, राखाडी ब्लँकेटं, पारा उडालेला आरसा, कपडे टांगायला खिळे. न्हाणीघराचं पत्र्याचं दार फुगलेलं, कडी नीट बसत नाही. पण न्हाणीची खिडकी उघडली की समोर कुंड. चारी बाजूंनी पायऱ्या, मधे हिरवं, न हलणारं पाणी, पलीकडे देवळाचा कळस आणि कठड्यावर यात्रेकरूंचे ओले कपडे वाळत घातलेले. सासूबाई किती तरी वेळ बघत राहिल्या. हातात शालीत गुंडाळलेला तांब्याचा छोटा लोटा होता. प्रवासभर त्या त्याला स्टेशनांची नावं सांगत आल्या.

ह्यांनी आईला शब्द दिला होता की तुला तिथे मी स्वतः गाडी चालवत नेईन. अर्ध्या गावाला ह्यांनी गाडी शिकवली, पण स्वतःच्या आईला इथे आणायला सवड झाली नाही. मग पोटाचं दुखणं आलं आणि सगळंच राहिलं. थोडी रक्षा आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. आता आम्ही त्यांना आणलंय.

आमच्या लेकीचा, ठकीचा फोन आला. परीक्षा असल्यामुळे ती ताईकडे राहिली आहे. आजीला विचारत होती, देव भेटला का. आजी म्हणाली, अजून चहासुद्धा भेटला नाही.

मंगळवार

आज देवळं झाली. सगळ्यात वरचं टेकडीवर आहे. सासूबाईंचा गुडघा दुखत होता, पण डोलीवाल्यांना त्यांनी हाकलून दिलं. मी काय धान्याचं पोतं आहे का, असं विचारलं त्यांना. दर वळणावर एक लहान कुंड आहे आणि प्रत्येकात पाय बुडवायचे असतात. पाणी कुठे कोमट, कुठे बर्फासारखं. वरच्या गाभाऱ्यात इतकी शांतता होती की तेलाची वात तडतडलेली ऐकू आली. तिथे त्या रडल्या. मोठ्याने नाही. डोळे पुसले आणि म्हणाल्या, त्याला किती आवडलं असतं, रस्ता एवढा वळणाचा आहे. ह्यांना वळणाचे रस्ते फार आवडायचे. शेजारी कुणीही गाडी चालवत असलं तरी ह्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा, अगदी बसमध्येसुद्धा.

उतरताना आम्ही दोघी एका दगडावर बसून शेंगदाणे खात होतो. त्या अचानक म्हणाल्या, तू पुन्हा लग्न केलंस तरी मला चालेल, फक्त त्याला गाडी चालवता आली पाहिजे. मी म्हटलं, आधी तुमचं जमवू. एवढं हसलो की जाणारे-येणारे बघायला लागले.

संध्याकाळी गुरुजींना भेटलो. तरुण आहेत, चष्मा लावतात, सर्दीने बेजार होते. रक्षा मोठ्या कुंडातच सोडायची ठरली. त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी तीन गोष्टी बजावल्या. रक्षा सोडली की हाक मारायची नाही. मागे वळून बघायचं नाही. आणि मागून कुणी हाक मारल्यासारखं वाटलं, तर ओ द्यायची नाही. मी विचारलं, दिली तर? ते नाक पुसत म्हणाले, सगळीकडे असंच सांगतात, इथे मात्र खरंच पाळायचं.

बुधवार

झालं.

सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. गुरुजींनी मंत्र म्हटले. आम्ही दोघींनी लोटा धरला आणि वाकून रिकामा केला. रक्षा एवढीशी, मूठभरही नसेल. पाण्यावर क्षणभर करडी साय धरल्यासारखी दिसली आणि गेली. माझ्या हातात तेवढा लोटा राहिला. इतक्या वर्षांचा माणूस, आणि हाताला काही वजनच उरलं नाही.

आम्ही वळलो. पायऱ्या चढायला लागलो. मी पुढे, त्या मागे. अगदी वरच्या पायरीशी त्या थांबल्या. मला त्यांचा श्वास ऐकू आला. त्या वळल्या आणि पाण्याकडे बघून त्यांनी हाक मारली, "बाळा!"

नाव नाही घेतलं. नुसतं बाळा. लहानपणी संध्याकाळी खेळातून घरी बोलवायच्या तसं.

पाणी हललं नाही. काहीच झालं नाही. पण कठड्याशी कपडे पिळणाऱ्या दोन बायका होत्या, त्या हातातले कपडे तसेच टाकून निघून गेल्या. गुरुजींनी आपलं सामान पिशवीत भरलं. मी विचारलं तर माझ्याकडे न बघता म्हणाले, आजच्या आज गाव सोडता आलं तर सोडा.

सासूबाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, आईने मुलाला हाक मारायची नाही तर कुणी मारायची? माझ्याही जिभेवर हाक होती. मी ती गिळली, एवढंच.

गुरुवार

आज निघायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, गुडघा धरलाय, दोन दिवस थांबू. गुडघा धरल्यासारख्या काही दिसत नव्हत्या. सकाळी माझ्याआधी उठून केस विंचरून बसल्या होत्या. ह्यांच्या मागे त्यांनी आरशात बघणंच सोडलं होतं.

दुपारी जेवून पडले, डोळा लागला. जाग आली ती त्यांच्या बोलण्याने. हळू आवाजात काही सांगत होत्या. तू लहान असताना असा होतास, तसा होतास. मला वाटलं, आठवणी काढतायत, काढू देत. कूस बदलली तर त्यांच्या खाटेशी जमिनीवर पाण्याचं थारोळं. न्हाणीघरापासून खाटेपर्यंत ओल होती. मी विचारलं तर म्हणाल्या, पाय धुवून आले. पाय कोरडे होते. मी बघितले. त्यांच्या साडीचा काठ मात्र एका बाजूने भिजला होता, कुणी ओल्या हाताने मुठीत धरून ठेवावा तेवढाच.

मी कापडातली बाई आहे. ओल कशी चढते ते मला कळतं. ही चढलेली नव्हती. मुठीत धरून पिळलेली होती.

संध्याकाळी त्यांनी चहा घेतला आणि अर्धा कप न्हाणीघराच्या दाराशी ठेवला. मुलगा गेलाय त्यांचा. त्यांना काय काय करावंसं वाटत असेल. मी नाही का अजून ह्यांचा शर्ट उशाखाली ठेवत.

शुक्रवार

सकाळी सासूबाई मॅनेजरकडे गरम पाणी सांगायला गेल्या होत्या. मी खोलीत एकटीच घड्या घालत होते. न्हाणीघराच्या दाराआडून आवाज आला, "आई."

बाप्याचा म्हणावा तर तसा नाही, बाईचाही नाही. माठात तोंड घालून बोलावं तसा. मी जागच्या जागी उभी राहिले. आणि मग मला काय झालं कोण जाणे, भीती वाटलीच नाही. मी दाराशी गेले आणि पत्र्यावर तळहात टेकवला. म्हटलं, अहो, तुम्ही आहात का? पत्रा इतका गार होता की हात चिकटल्यासारखा झाला. पलीकडून काहीतरी टेकलं. माझ्या हाताच्या बरंच खाली.

मी बोलत सुटले. किती दिवस बोलले नव्हते. ठकीचा गणिताचा पेपर, शिकवणीची गाडी मी अजून विकली नाही, तुमचा शिकाऊ पोरगा लायसन्स मिळाल्यावर पाया पडायला आला होता, सगळं सांगितलं. मग म्हटलं, मला एकदा हाक मारा. तुम्ही मारायचात तशी.

मग तो आवाज म्हणाला, थंडी वाजते.

मी पुन्हा म्हटलं, माझं नाव घ्या. एकदाच. तो म्हणाला, आई कुठे गेली.

ह्यांनी शेवटच्या दिवसांत शुद्ध नसतानाही माझंच नाव घेतलं होतं. नर्स साक्षीला आहे.

मी दार ओढलं. आत कुणी नव्हतं. फरशी ओली, खिडकी बंद. नळ कोरडा होता.

मी खाटेवर बसून रडले. हे आले म्हणून रडू फुटलं होतं, ते हे नाहीत हे कळल्यावर थांबायला हवं होतं. थांबलं नाही. दुसऱ्यांदा विधवा झाल्यासारखी रडले.

शनिवार

सासूबाईंचे हात गार आहेत. ताप नाही, काही नाही. नुसते गार. बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली. दोन ब्लँकेटं घालून उन्हात बसवलं तरी दातावर दात आपटत होते. आणि चेहऱ्यावर हसू.

मी मॅनेजरला गाठलं. तो आधी काही कबूल करेना. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, ताई, त्या पाण्यात काय एक-दोघांची राख आहे का. पिढ्यान्‌पिढ्या लोक येतात. म्हातारे, तरुण, काखेत मावतील एवढेसेही. ज्यांची माणसं आली, रडली, निघून गेली, ते शांत असतात. पण काहींना कुणी रडायलाही आलेलं नसतं. तुमच्या आईंनी नाव घेतलं असतं तर वेगळी गोष्ट. त्या बाळा म्हणाल्या. बाळ तर प्रत्येकजणच असतो. जो जवळ होता त्याने ओ दिली.

मी विचारलं, उपाय काय. तो म्हणाला, आलेल्याला ऊब हवी असते. ऊब संपली की तो उठतो आणि दुसरं माणूस बघतो. म्हणून म्हणतात, हाक मारू नये. म्हणताना त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं नाही.

मी खोलीत येऊन सासूबाईंसमोर बसले. त्यांचे हात माझ्या हातात घेतले आणि सांगितलं की आई, तो आपला नाही. मला वाटलं चिडतील, रडतील, मला वेडी म्हणतील. पण त्या शांतपणे जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मला विसरता येणार नाही.

"मला पहिल्याच दिवशी कळलं गं. माझं पोर मला आई कधी म्हणालं? म्हातारे म्हणायचा मला. आणि हे सारखं आई, आई करतं. हे कुणाचं आहे, मला ठाऊक नाही. पण याला कुणी हाकच मारली नव्हती, एवढं मला समजतं. मी मारली. आता आलंय तर जा म्हणू? मी आई आहे."

मी म्हटलं, तुम्ही मराल. त्या म्हणाल्या, जायला नको होता तो माझा गेला. मी गेले तर कुठे काय बिघडलं.

मग मी बोलले. जे कधी बोलले नव्हते ते सगळं. म्हटलं, माझं बिघडतं. हे गेल्यावर तुम्ही नसतात तर मी मशीनवर बसून सुई बोटातून काढली असती. मला तुम्हीच उरलात. ठकीला तुम्हीच उरलात. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. केस ओले झाले.

रविवार

ठकीचा फोन आला तेव्हा मी सासूबाईंना जेवायला वाढत होते. फोन खाटेवर होता, आवाज मोठा. ठकी म्हणाली, मी ठकी बोलतेय, आजी कशी आहे, तुम्ही कधी येणार.

न्हाणीघरातून आवाज आला. हळू, नवीन शब्द जिभेवर फिरवावा तसा. ठकी.

मी फोन बंद केला. सासूबाईंच्या हातातला घास ताटात पडला.

पुन्हा आवाज. घरी कोण कोण आहे.

तो परत परत विचारत राहिला, अगदी प्रेमाने. लहान मुलं विचारतात तसं. घरी कोण कोण आहे. घर लांब आहे का. ठकी कुठे झोपते.

सासूबाईंचा चेहरा मी एकदाच असा पाहिला होता, डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली तेव्हा. त्या उठून दाराशी गेल्या, खाली बसल्या आणि दारावर गाल टेकवून बोलत राहिल्या. काय, ते मला ऐकू आलं नाही. समजूत घालत होत्या. मधेच अंगाईसारखं काहीतरी गुणगुणल्या. हे लहान असताना म्हणत असतील.

नंतर म्हणाल्या, उद्या निघू या. तू सकाळी जाऊन बसची तिकिटं काढ. खिडकीची जागा बघ.

मला इतकं हायसं वाटलं की मी विचारसुद्धा केला नाही.

सोमवार

मी तिकिटं घेऊन आले तर कुंडावर गर्दी.

फुलवाली सगळ्यांना सांगत होती. भर उन्हात म्हातारी पायऱ्या उतरली. घाई नाही, काही नाही. पाय भिजले, कंबर भिजली. लोक ओरडले. तिने मागे बघितलं नाही. फुलवालीला वाटलं, बरोबर कुणीतरी असावं, कारण बाई सारखी खाली बघून बोलत होती आणि एक हात बाजूला धरलेला होता.

कसा धरला होता, मी विचारलं.

तिने हात करून दाखवला. तिच्या मांडीच्याही खाली. चालायला नुकतं शिकलेल्या पोराचं बोट धरावं तसा.

एवढंसं होतं ते. आणि मी त्याला अहो म्हणत होते.

तिकिटं दोन आहेत. एक खिडकीचं.

मंगळवार

सकाळी पलीकडच्या पायऱ्यांशी सापडल्या. चेहरा स्वच्छ. मुठी उघड्या होत्या. पोलिसांनी विचारलं, मनावर परिणाम झाला होता का. मी म्हटलं, मुलगा गेला होता. त्यांनी तेच लिहून घेतलं.

ताई यायला निघाली. मी तिला हजारदा सांगितलं, ठकीला आणू नकोस. ताई म्हणाली, पोर ऐकत नाही, आजीला शेवटचं बघायचं म्हणते.

न्हाणीघर कोरडं आहे. मी दर थोड्या वेळाने जाऊन बघते. कोरडंच.

बुधवार

आल्या दोघी. ठकी रडली नाही. आजीच्या पायाला हात लावून म्हणाली, किती गार. मी तिला मागे ओढलं. जरा जोरातच. ती माझ्याकडे बघत राहिली.

अग्नी मीच दिला. हिला आता सवय आहे, असं कुणीतरी मागे म्हणालं.

खोली बदलून मागितली. पुढची मिळाली. तिची न्हाणी रस्त्याकडे आहे.

गुरुवार

रक्षा कुंडात सोडणार नाही. गुरुजींना म्हटलं, वाहतं पाणी सांगा. त्यांनी गावाबाहेरचं सांगितलं, पुलाखाली, नदीला ओढ आहे तिथे. तिथून सगळं पुढे जातं, मागे काही राहत नाही.

ठकीला समोर बसवून पढवलं. हाक मारायची नाही. मागे वळायचं नाही. सगळं नाही सांगितलं. अकरा वर्षांच्या पोरीला काय सांगणार. फक्त म्हटलं, आजीला सुखाने जाऊ द्यायचं आहे. ती म्हणाली, हो आई.

गेलो. सोडली. पाणी जोरात होतं, क्षणात गेली. मी मनातसुद्धा हाक मारली नाही. दात आवळून धरले होते.

वळलो. ताई पुढे, मधे ठकी, तिच्यामागे मी. तिची वेणी माझ्या डोळ्यांसमोर. मान सरळ. शहाणी पोर. एकदाही वळली नाही. पूल संपत आला.

मागून हाक आली. बाळा.

आवाज हुबेहूब सासूबाईंचा. पण त्या ठकीला जन्मात कधी बाळा म्हणाल्या नाहीत. ठके म्हणायच्या.

ताईने ऐकलं नाही. मी ऐकलं. मी पुढे होऊन ठकीच्या तोंडावर हात ठेवणार तेवढ्यात —

ती वळली नाही. हाकही मारली नाही. मी सांगितलेलं सगळं पाळलं तिने. मोठ्या माणसाने हाक मारली की द्यावी तशी तिने फक्त ओ दिली.

ओ आजी.

मी सांगायला विसरले होते. तिसरं सांगायला —

गुरुवार, दुपार

ताई रिक्षा बघायला गेली. सामान बांधलं. ठकी माझ्या मांडीवर. ऊन आहे. खिडकी बंद. न्हाणीला बाहेरून कडी. सगळं ठीक.

ठकी म्हणते, आई, तुझे हात गरम आहेत, माझे धर ना.

धरले.

नंतर

पाय चिखलाने भरलेत, न्हाणीत धुवून येते म्हणाली. मी नाही म्हटलं. मी पेंगले असेन, एवढ्या दिवसांची झोप — जाग आली तर मांडी रिकामी आणि माझी साडी ओली. गुडघ्यावर. एका बाजूने. पिळलेली —

न्हाणीचं दार लागलंय. आतून. मी ढकलते, हलत नाही. ठके, म्हणते. ठके. ओ देत नाही.

आत बोलतेय. रडत नाहीये. खेळातल्यासारखी बोलतेय. कुणालातरी विचारते, तुला नाव नाही का.

ताईला फोन लावला. येते म्हणाली. पोचेपर्यंत —

इथल्या दाराचाही पत्रा गार पडलाय. मी एक हात लावून उभी — लिहू कशाला — लिहिलं नाही तर ओरडेन, आणि ओरडले तर तिचं नावच —

तो विचारतोय. तेच. प्रेमाने.

ठकी सांगतेय. घरी कोण कोण आहे ते. मी, आई — मावशी जवळच राहते — बाबांची गाडी आहे, कुणी चालवत नाही —

आजीची खाट रिकामी आहे म्हणते. तू तिथे झोप म्हण—

कडी निघाली. दार उघ